हंडी पुढे गेली, झाकण मागे राहिलं

मी एक जुनी हंडी आहे, मित्रांनो. जुनी म्हणाले, मोडकी नाही. बाहेरून निळी, आतून पांढरी, दोन भक्कम कानांची, आणि पोटानं एवढी मोठी की लहानपणी ल्युबोरला माझ्यात बसवून आंघोळ घालायचे. आज त्या ल्युबोरला टक्कल पडलं आहे आणि तो माझ्यात मावत नाही. मी मात्र होते तेवढीच आहे.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. लोखंडी पत्रा दाबून मला आकार दिला, काचेच्या रोगणात बुडवलं आणि धगधगत्या भट्टीत घातलं. बाहेर आले ती आरशासारखी चकचकीत! दुकानात मांडल्यावर शेजारची पातेली मला हसायची, कारण माझ्या झाकणाला मधोमध भोक आहे. "अगंबाई, हिचं झाकण फुटकं निघालं!" मी म्हटलं, हसा. त्या भोकातून तापमापकाची नळी आत जाते, कळलं का? मी नुसता रस्सा ढवळायला जन्मले नाही. मी बरण्या उकडायला जन्मले. मी शाळा कधी पाहिली नाही, पण कढत म्हणजे किती कढत, हे मला विचारा.

मला विकत घेतलं द्राहोमीरानं. चेक मुलखातल्या मोराव्हिया प्रांतात, एका खेड्यात नुकतीच लग्न होऊन आलेली, लांब वेणीची आणि त्याहून लांब जिभेची पोरगी होती ती. दुकानदार म्हणाला, "बाई, दोघांच्या संसाराला एवढी हंडी?" ती म्हणाली, "संसार दोघांचाच ठेवायला मी लग्न केलंय का?" त्याच दिवशी मी ठरवलं, की या बाईशी आपलं जमणार.

आणि जमलं. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या घरात एकच गडबड असायची. डुकराचं मांस मीठ आणि शहाजिरं लावून काचेच्या बरण्यांत भरायचं, पत्र्याची टोपणं घट्ट बसवायची, बरण्या माझ्या पोटातल्या जाळीवर उभ्या करायच्या आणि गळ्यापर्यंत पाणी ओतायचं. मग तास न् तास मी खदखदत राहायचे. का, माहीत आहे? समुद्रासाठी!

आमच्या देशाला समुद्र नाही, मित्रांनो. समुद्र बघायचा तर दोन देश ओलांडून खाली अॅड्रिआटिक समुद्राच्या किनाऱ्याला जावं लागतं. त्या काळी सरकार परदेशी पैसे मूठभर द्यायचं. त्यात खोलीचं भाडं द्या नाहीतर पोटाला खा. दोन्ही जमायचं नाही. तेव्हा आमच्या लोकांनी काय करावं? अख्खं स्वयंपाकघर गाडीत घालून समुद्रावर न्यावं! हसू नका. त्या हिकमतीवर आमच्याकडची किती पोरं पोहायला शिकली.

आणि सामान कसं भरावं, ते द्राहोमीराकडून शिकावं. तिनं कधी यादी केली नाही. माझं पोट हीच तिची यादी. तळाला मांसाच्या बरण्या, एकेका बरणीला ओताकारचा एकेक लोकरी मोजा चढवलेला. ओताकार म्हणजे तिचा नवरा, फार गरीब माणूस. हिवाळ्यात पायाला आणि उन्हाळ्यात बरणीला, असे त्याचे मोजे वर्षभर राबायचे. बरण्यांच्या फटीत टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या, म्हणजे काच काचेला लागत नाही आणि तिकडे कागदही विकत घ्यावा लागत नाही. वर पिठाची पिशवी, आणि पिठात खुपसलेली अंडी. इतक्या वर्षांत एक अंडं फुटलं असेल तर माझा कान उपटा. मग काकडीचं लोणचं, मांसाच्या वाटणाचे चपटे डबे, काडेपेटी, भांडी घासायचा साबण, कपडे वाळत घालायची दोरी. आणि सगळ्यात वर, फडक्यात बांधलेले रिझेक. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले मांसाचे पातळ काप. ते प्रवासात खायचे, पण डोंगर उतरून समुद्राचा वास आल्याशिवाय नाही, हा घरचा कायदा. वर झाकण, आणि झाकणाचं भोक उघडं, म्हणजे रिझेकांना घाम येत नाही. त्या भोकाला हसणारी पातेली कधीच भंगारात गेली असतील.

आमची उतरायची जागा ठरलेली होती. समुद्राकाठच्या एका कोळ्यांच्या गावात तोन्का नावाची बाई वरची खोली भाड्यानं द्यायची. तोन्का म्हणजे उंच, काळ्या कपड्यातली, कमरेवर हात ठेवूनच जन्माला आलेली. पहिल्या वर्षी गाडीतून मी उतरले, माझ्यातून मोजे उतरले, मोज्यांतून बरण्या उतरल्या, आणि ती अंगणातून ओरडली, "आले डबाखाऊ! अगं चेकबाई, समुद्रावर लोकरीचे मोजे? आमच्या गावात खायला मिळत नाही, असं कोणी सांगितलं तुला?"

"मिळत असेल की मालकीणबाई," द्राहोमीरा म्हणाली. "पण आमचं आमच्यापुरतं आहे."

तोन्काला ते लागलं. द्राक्षाच्या मांडवाखाली तिचं मोठं टेबल होतं. कोळशावर ताजे मासे भाजून ती पाहुण्यांना आग्रहानं वाढायची. ती बोलवायची आणि आमची बाई मान हलवायची. परत घालता येणार नाही ते जेवण घ्यायचं नाही, हा तिचा बाणा. आणि आपलं जेवण नाकारणाऱ्या बाईच्या हंडीतलं शितही चाखायचं नाही, हा तोन्काचा बाणा. एका अंगणात दोन टेबलं, दोन्हीकडे नाकं वर. बिचारा ओताकार मात्र हात धुवायच्या निमित्तानं भिंतीआड जायचा आणि ओठ चाटत परत यायचा. तोन्का त्याला भाजलेला मासा द्यायची. मला दिसायचं. मी सांगितलं नाही. हंडीच्या पोटात पुष्कळ मावतं.

असे कित्येक उन्हाळे गेले. तिकडे लढाई झाली तेव्हा मी तळघरात बसून राहिले, लढाई थांबली तशी पुन्हा निघाले. ओताकार गेला, मोजे राहिले. त्यांच्या मुलाचं, ल्युबोरचं लग्न झालं, त्याला श्तेपांका झाली, मग धाकटा मातेय झाला. दोन्ही पोरं माझ्या क्नेडलिकांवर वाढली. क्नेडलिक म्हणजे पिठाचे लांबट गोळे, वाफेवर उकडलेले. सुरीनं नाही, दोऱ्यानं कापायचे. वाफ धरताना झाकण घट्ट लागतं, भोकात बूच मारून. चांगले उकडले तर ढगासारखे, नाहीतर वहाणेसारखे.

मित्रांनो, आता गेल्या उन्हाळ्याची गोष्ट ऐका. तिच्यासाठीच एवढं बोलले.

ल्युबोरची बायको इव्होना वाईट नाही. शहरातली आहे, हसरी आहे, कामाला वाघीण आहे. पण तिला नव्या वस्तूंचा सोस. गेल्या वर्षी तिनं लाटांवर उभं राहायची फुगवायची फळी घेतली, पंपासकट. कॉफीचं यंत्र घेतलं. घडीच्या खुर्च्या घेतल्या. गाडीची मागची बाजू छतापर्यंत भरली. मागच्या बाकावर एका कडेला श्तेपांका, दुसऱ्या कडेला मातेयची लहान पोरांची खुर्ची, आणि मधे जागा एक.

इव्होना सासूला म्हणाली, "आई, हंडी राहू दे या वर्षी. तिकडे आता पावलापावलावर दुकानं आहेत, सगळं मिळतं. तुम्ही बसा मधे, आरामात."

द्राहोमीरानं तोवर मला काठोकाठ भरलं होतं. दुखऱ्या कमरेनं वाकून वाकून भरलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "सगळं मिळतं," ती म्हणाली. "मग मी तरी कशाला येऊ? म्हातारीही तिकडे मिळेल एखादी."

"आई, तसं नव्हे हो..."

"हंडी जाऊ दे. पोरांच्या पोटाचं तिच्यात आहे. मी राहते. मला कोंबड्या आहेत."

ल्युबोरनं डोकं खाजवलं. "आई, नक्की ना?"

"नक्की म्हणजे? मी कधी कच्चं बोलले का?"

आणि मित्रांनो, त्या टकल्यानं तिचा शब्द खरा धरला! जिनं तुम्हाला वाढवलं ती राहते म्हणाली, म्हणजे तिला राहायचं असतं का? ती फाटकाशी उभी होती, प्रवासाचा कोट घालून. भर उन्हाळ्यात कोट! फाटकामागे बाकाखाली तिची छोटी पिशवी तयार होती. ती फक्त एका वाक्याची वाट बघत होती: "आई, काहीतरी बोलू नकोस, चल बस." ते वाक्य कोणी बोललं नाही. ल्युबोरनं मला उचललं, तिच्या जागेवर ठेवलं आणि मला सीटचा पट्टा बांधला.

जन्मभर मिरवले मी, पण त्या जागेवर बसताना पहिल्यांदा मला लाज वाटली.

माझ्या तोंडावर चौकटीचं फडकं गच्च बांधलेलं होतं. सगळ्यांना वाटलं, खाली झाकण आहे. खाली झाकण नव्हतं. द्राहोमीरा फाटकाशी एक हात पाठीमागे धरून उभी होती, आणि त्या हातात काय होतं ते फक्त मला माहीत होतं.

डोंगर उतरलो, समुद्राचा वास आला, द्राहोमीरानं या वर्षी वेगळी बांधून श्तेपांकाच्या हाती दिलेली रिझेकांची पुरचुंडी सुटली. श्तेपांकानं एक घास घेतला आणि म्हणाली, "आजी असती तर आत्ता म्हणाली असती, 'आधी समुद्राला नमस्कार करा, मग तोंड उघडा.'"  मातेयनं माझ्या कानावर हात ठेवला आणि तसाच झोपला.

तोन्का अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती. आता तीही वाकलेली, पण हात जागच्या जागी. ल्युबोरनं मला उतरवलं तशी ती ओरडली, "आले डबाखाऊ!" आणि वाट बघत राहिली. उत्तर आलं नाही. तिनं गाडीत डोकावून बघितलं. गाडीची दारं एकेक करून लागली. तोन्काचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं गळ्यातल्या क्रुसाला हात लावला.

"हंडी आली आणि ती नाही," ती हळूच म्हणाली. "कधी गेली?"

"गेली नाही हो, तोन्काकाकू," ल्युबोर गडबडला. "घरीच आहे, कोंबड्यांपाशी, ठणठणीत. गाडीत जागा नव्हती, म्हणून..."

"जागा नव्हती?" तोन्काचा आवाज परत जागेवर आला, आणि केवढा! "ही काय आहे मग? ही फुगवायची फळी? तिनं तुला जन्म दिला का? हे यंत्र? त्यानं तुझं ढुंगण धुतलं का? अरे, इतके उन्हाळे त्या बाईशी मी भांडतेय! तू तिला कोंबड्यांपाशी ठेवून आलास, तर आता मी भांडू कोणाशी? तुझ्याशी? तुझ्या अंगात तेवढा दम आहे का?"

इव्होना खाली बघत होती. काहीतरी करायचं म्हणून तिनं माझं फडकं सोडलं. "अगंबाई," ती म्हणाली. "झाकणच नाही."

संध्याकाळी तिनं माझ्यात क्नेडलिक लावून बघितले. वर ताट ठेवलं, ताटावर दगड ठेवला. कडेनं वाफ भसाभस निघून गेली. तोन्कानं स्वतः होऊन आपली झाकणं आणली, एक लहान, एक त्याहून लहान. माझ्या तोंडाचं झाकण दुसरं कुठलं असणार? गोळे निघाले ते वहाणा. मातेयनं एक जमिनीवर आपटून बघितला.

तोन्का म्हणाली, "फोन लाव तिला." ल्युबोरनं लावला आणि दोन्हीकडचं ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. तोन्का वाकून त्याच्यात ओरडली, जणू समुद्राच्या पलीकडे हाक मारायची होती.

"चेकबाई! तुझी हंडी माझ्या अंगणात उघडी पडलीय. माश्या बसतायत."

"मग झाक." आवाज घरचा, करडा. ऐकून माझा पत्रा शहारला.

"माझी झाकणं बसत नाहीत."

"कशी बसतील? हंडी माझी आहे."

"मग तुझं झाकण कुठंय?"

थोडा वेळ फोनमधून कोंबड्याच बोलल्या. मग द्राहोमीरा म्हणाली, "विसरलं असेल."

 मी तुम्हाला सांगते मित्रांनो, द्राहोमीरा आयुष्यात काही विसरलेली नाही, आणि हे त्या अंगणात माझ्याखेरीज एकाच बाईला ठाऊक होतं. तोन्कानं डोळे पुसले आणि आवाज आणखी चढवला.

"मग घेऊन ये! बस येते इथे तुमच्याकडून."

"मला कोणी बोलावलेलं नाही."

"मी बोलावतेय! ऐकलंस? मी, तोन्का. आणि आली नाहीस, तर उद्या या हंडीत मी मासे शिजवीन."

"मासे?" फोन थरथरला. "माझ्या हंडीत मासे? खबरदार! हात लावशील तर! थांब, येतेच मी!"

पुढचं मला झाकणानं सांगितलं. कोंबड्या शेजारणीच्या गळ्यात घातल्या. बसमध्ये चालक म्हणाला, "आजीबाई, ते झाकण खाली सामानात ठेवा." द्राहोमीरा म्हणाली, "तुझं स्टिअरिंग ठेव खाली." अख्खा प्रवास झाकण मांडीवर. त्या भोकातून ती अधूनमधून बाहेर बघायची, आपल्याला कोणी बघत नाही अशा समजुतीनं.

तिला घ्यायला सगळे थांब्यावर गेले होते. मला ल्युबोर काखेत मारून घेऊन गेला. इव्होना म्हणाली, "उतरताच हंडी दिसायला हवी आईंना." वाईट नाही पोरगी, म्हणाले ना मी. बसचं दार उघडलं, आधी काठी उतरली, मग झाकण, मग ती.

"आई," ल्युबोर म्हणाला, "माझं चुकलं. तू राहते म्हणालीस आणि मी..."

"तू लहानपणापासून ऐकतोस," द्राहोमीरा म्हणाली. "तेच चुकतं तुझं. धर हंडी वर, माझी कंबर गेलीय."

आणि तिनं स्वतःच्या हातानं झाकण माझ्यावर ठेवलं. 'ठक' असा आवाज झाला. तो आवाज मी इतक्या वर्षांत हजारदा ऐकला असेन. त्या दिवशी तो आवाज ऐकून माझं सगळं रोगण पुन्हा भट्टीतून निघाल्यासारखं उजळलं.

त्या संध्याकाळी अंगणातली दोन टेबलं एकाला एक लावली. कोणी लावली? म्हाताऱ्यांनी नाही, त्यांची नाकं अजून वर होती. श्तेपांकानं ढकलली. माझ्यात आधी क्नेडलिक उकडले, ढगासारखे. मग द्राहोमीरानं मला घासलं, बराच वेळ घासलं, आणि तोन्कापुढे सरकवलं. म्हणाली, "शिजव एकदाचे तुझे मासे. इतकी वर्षं टपून बसली आहेस."

मित्रांनो, माझ्या पोटात पहिल्यांदा मासे शिजले. टोमॅटो, लसूण, थोडी वाईन. काय तो वास! मी तर म्हणते, आधी का नाही शिजले?

द्राहोमीरानं चव घेतली. सगळे बघत राहिले. "मीठ कमी आहे," ती म्हणाली आणि ताट पुढे केलं.

तोन्कानं दोऱ्यानं कापलेला क्नेडलिक तोंडात टाकला. चघळला, चघळला. "जड आहे," ती म्हणाली. "आणखी दोन वाढ." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या ओताकारला माझे मासे फार आवडायचे."

"ठाऊक आहे," द्राहोमीरा म्हणाली. "रुमाल मीच धुवायचे ना त्याचे."

मी एवढी वर्षं जे पोटात ठेवलं, ते तिला पहिल्यापासून माहीत होतं!

परतताना फुगवायची फळी तोन्काच्या पडवीत राहिली, आणि कॉफीचं यंत्र तिच्या स्वयंपाकघरात. मागच्या बाकावर मधे द्राहोमीरा बसली आणि पट्टा तिला लागला. मी तिच्या पायाशी, जवळजवळ रिकामी, पोटात ओताकारचे धुतलेले मोजे आणि तोन्काच्या अंजिरांची एक बरणी. बरणीला मोजा इव्होनानं चढवला होता. फट राहिली होती थोडी. द्राहोमीरानं बघितलं, बोलली नाही, हळूच कागदाची गुंडाळी त्या फटीत सारली. "पुढच्या वर्षी दाखवते," म्हणाली.

तर मित्रांनो, आमच्यासारख्या भांड्यांना जपा. घासताना तारेनं ओरखडू नका, ओलं ठेवू नका, तळघरात टाकून विसरू नका. आम्ही तुमच्या आजोबांना जेवू घातलं आहे, तुमच्या नातवंडांनाही घालू. पण गाडी भराल तेव्हा पहिली जागा कोणाची, ते आधी ठरवा. हंडी राहिली तर दुकानातून दुसरी आणता येते, हे मी, एवढी गर्विष्ठ, स्वतःच्या तोंडानं सांगते आहे. आणि घरातली म्हातारी फाटकाशी कोट घालून उभी असेल आणि "मी राहते" म्हणत असेल, तर तिचं मुळीच ऐकू नका. दार उघडा, हात धरा आणि म्हणा, "चल, बस."